गुलाबी रंग आला नाही, म्हणजे क्लोरीन नाही?

डीपीडी ही पाण्यातलं क्लोरीन तपासायची पूड; क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. ‘डीपीडी पूड टाकली, पाणी गुलाबी झालं नाही, म्हणजे क्लोरीन संपलं’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. बरेचदा तो खराही ठरतो. पण क्लोरीन फारच जास्त असेल, तर तेच हा रंग उडवून टाकतं. कुपीकडे नीट बघा: क्षणभर गुलाबी झाक येते आणि विरते. अशा वेळी पाण्यात आणखी क्लोरीन ओतणं म्हणजे आगीत तेल. १ भाग नमुन्यात ९ भाग क्लोरीनविरहित डिस्टिल्ड पाणी मिसळा, पुन्हा मोजा, आकड्याला १०ने गुणा. आता रंग चढला, तर आधीचं ‘शून्य’ खोटं होतं. आणि हो, रंगावरून क्लोरीन मोजणाऱ्या मीटरसोबत मिळणाऱ्या, ठरावीक रंगाच्या सीलबंद प्रमाण कुप्या फक्त मीटर तपासतात. खराब झालेली पूड त्यांच्या नजरेतून सहज सुटते.