निळा रंग नसलेला निळा पक्षी

परवा आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर एकाने दोन फोटो टाकले, "हे दोन कुठले?" म्हणून. एकात जास्वंदीवर बसलेला कुळकुळीत काळा चिमुकला पक्षी, दुसऱ्यात तेवढाच पण चमचमता जांभळा-निळा. अर्धा तास वाद रंगला, शेवटी कुणीतरी फोटोंची वेळ बघितली तर फरक चार सेकंदांचा! पक्षी एकच, आपला जांभळा शिंजीर, फक्त सावलीतून उन्हात आलेला.

नवीन माणूस रंगाच्या मागे लागतो. जुनी मंडळी आधी चोच बघतात, शेपूट बघतात, बसायची ढब बघतात, रंग सगळ्यात शेवटी. कारण पक्ष्याचा रंग फसवा असतो, आणि निळा तर महाफसवा. खंड्या किंवा नीलपंख, म्हणजे नीलकंठ, यांच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. ते पीस कुटून पूड केली तर निळा गायब, उरते मळकट तपकिरी पूड.

मग निळा येतो कुठून? नीलपंखाच्या पिसाच्या दांडीला ज्या बारीक काड्या असतात ना, त्या आतून पावासारख्या जाळीदार असतात, म्हणजे केराटिन (आपल्या नखांतल्या प्रथिनाच्याच जातीचं) आणि त्यात हवेची भोकं. निळ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी साधारण 450 ते 490 नॅनोमीटर, आणि या भोकांमधलं अंतर त्याच्या निम्म्याहून थोडं कमी, कारण केराटिनमध्ये शिरल्यावर लाट आखडते. आता एका भोकावरून परतलेली लाट आणि मागच्या भोकावरून परतलेली लाट यांच्यात जाऊन-येऊन बरोब्बर एका लाटेचा फरक पडतो, शिखरावर शिखर बसतं आणि निळा जोरात बाहेर येतो. बाकीच्या रंगांचं हे गणित जुळत नाही, ते आत जातात आणि तळाचं मेलॅनिन नावाचं काळपट रंगद्रव्य त्यांना गिळून टाकतं.

आकाश निळं त्याच कारणाने पीस निळं, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. पण हवेचे रेणू कसेही विखुरलेले, इथे अंतर ठरलेलं. सी. व्ही. रामन यांनी 1934 साली नीलपंखाच्या पिसांच्या याच रंगावर पेपर लिहिला होता! पुढे 1998 मध्ये रिचर्ड प्रम या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका निळ्या पक्ष्याच्या पिसाचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो गणिताने तपासले, तेव्हा जाळीतली शिस्त नीट दिसली.

शिंजीराचं प्रकरण वेगळं, त्याच्यात मेलॅनिनचे कण थर लावून रचलेले असतात, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो किंवा चक्क विझतो. साबणाच्या फुग्यासारखं.

आणि हो, दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणे. त्यापायी तेलंगणा आणि उत्तरेत काही ठिकाणी हे पक्षी पकडून, पाय बांधून, पंखांना गोंद लावून पैसे घेऊन "दर्शन" देतात. त्या पक्ष्याचं वर्ष कसं जात असेल? तेलंगणाचा तर तो राज्यपक्षी. थंडीत सासवडकडे किंवा भिगवणच्या रस्त्याला गेलात तर तो विजेच्या तारेवर फुकट दिसतो, बसलेला असताना मातकट, उडाला की निळाच निळा.

तेवढंही जमत नसेल तर खिडकीच्या ग्रिलवर रोज घाण करणारा पारवा आहेच. मान हलवली की हिरव्याचा जांभळा होतो, चहा पिता पिता बघा.