व्रणोपचार परिचारिका, अमेरिकेतील शुश्रूषागृहांतील

अमेरिकेत स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शुश्रूषागृहात रुग्णांच्या जखमा तपासणारी, त्यांची प्रत व मोजमाप नोंदवणारी, ड्रेसिंग करणारी आणि नव्या जखमा होऊ नयेत म्हणून इतर कर्मचाऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवणारी परिचारिका. तेथे तिला वूंड केअर नर्स किंवा ट्रीटमेंट नर्स म्हणतात. मधुमेह्यांच्या पायांवरील व्रण, नीला व रोहिणी यांच्या विकारांमुळे होणारे व्रण, शस्त्रक्रियेनंतर उसवलेल्या जखमा, म्हातारपणी पातळ झालेली कातडी फाटणे हे सारे तिच्याकडे येते. परंतु या पदाला आजचे रूप आले ते मुख्यतः एकाच जागी दीर्घकाळ दाब राहून होणाऱ्या दाबव्रणामुळे. बोलण्यात त्यालाच बेडसोर म्हणतात.

महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे लहानसे खासगी रुग्णालय. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. अमेरिकी शुश्रूषागृहात दोन प्रकारचे लोक एकाच छताखाली राहतात. खुब्याचे हाड मोडल्यावर, पक्षाघातानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सावरण्यासाठी रुग्णालयातून आलेले हे पहिले. रुग्णालयात किमान तीन दिवस दाखल राहिलेल्यांचा खर्च मेडिकेअर ही मुख्यतः वृद्धांसाठीची केंद्रीय विमा योजना जास्तीत जास्त १०० दिवस उचलते, त्यांतील पहिले २० दिवस पूर्णपणे. दुसरे कायमचे रहिवासी. त्यांच्यापैकी अनेकांचा भार मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेवर असतो.

या विशेष शाखेचा उगम सामान्यतः क्लीव्हलंडला जोडला जातो. शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना पोटावर कृत्रिम मलमार्ग केलेल्या रुग्णांच्या मदतीला नेमले. गिल प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या. त्यांच्यावर स्वतःवर अशी शस्त्रक्रिया झाली होती. १९६१ च्या सुमारास तेथे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले, १९६८ मध्ये अशा परिचारिकांची संघटना उभी राहिली आणि १९९२ च्या सुमारास तिच्या नावात जखम हा शब्द आला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक परिषदेच्या पहिल्या अध्यक्षही गिलच होत्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एंटेरोस्टोमल थेरपीचा, म्हणजे असे कृत्रिम मार्ग केलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेचा, अभ्यासक्रम याच परंपरेतला आहे. मात्र ही झाली रुग्णालयातील विशेषज्ञ परिचारिकेची वंशावळ. शुश्रूषागृहातील परिचारिकेला ती पूर्णपणे लागू करणे सयुक्तिक वाटत नाही. तिचे पद अधिक करून सरकारी नियमांतून घडले, आणि त्या नियमांच्या मुळाशी एक जुना वाद आहे : दाबव्रण हा रोगाचा भाग की शुश्रूषेचा दोष?

फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माकडहाडाजवळच्या व्रणांचे वर्णन केले आणि त्यांचे कारण मज्जासंस्थेच्या इजेत शोधले. असा व्रण त्यांना मृत्यूची पूर्वसूचना वाटे. शरीरक्रियातज्ज्ञ ब्राऊन-सेकार यांनी त्याआधीच, १८५० च्या दशकात, प्राण्यांवरील प्रयोगांतून वेगळा निष्कर्ष काढला होता. कातडी कोरडी ठेवली आणि दाब टाळला तर व्रण होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये दोष बहुधा शुश्रूषेचा, असेच लिहिले. आजचे शास्त्र दाब व घसट यांच्या बाजूने असले, तरी शार्को यांचे मत पुरते निकालात निघालेले नाही. इंडियाना राज्यातील परिचारिका कॅरन केनेडी यांनी १९८९ मध्ये मरणासन्न रुग्णांत अचानक उमटणाऱ्या व्रणाचे वर्णन केले. त्याचे शार्को यांच्या निरीक्षणाशी असलेले साम्य पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले. शुश्रूषागृहांसाठीच्या केंद्रीय नोंदपुस्तिकेनुसार अशा व्रणाचे प्रमुख कारण दाब नसल्याने त्याची नोंद दाबव्रणांत होत नाही. एखादा व्रण या वर्गात टाकण्याचा मोह संस्थेला होणे स्वाभाविक आहे. तेथे परिचारिकेच्या निदानाची कसोटी लागते.

दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या नियमाचे मूळही असेच संदिग्ध आहे. लुडविग गटमान यांच्या इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या कक्षात १९४० च्या दशकात सर्व रुग्णांना वळवून होईपर्यंत दोन तास जात, म्हणून हा आकडा रूढ झाला, असे सांगतात; ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. अधिक भरवशाचा दुवा कोशियाक यांच्या १९५९ व १९६१ मधील प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे : सुमारे ७० मिमी पारा इतका दाब दोन तास सलग राहिल्यास ऊतींत सूक्ष्म बदल दिसू लागतात. १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन व सहकाऱ्यांच्या वृद्ध रुग्णांवरील पाहणीनेही नियमित कूस बदलण्याला बळ दिले. गाद्यांच्या जाहिरातींत वारंवार येणारा ३२ मिमी हा आकडा तर लँडिस यांनी १९३० मध्ये निरोगी माणसांच्या नखाच्या मुळाशी केशवाहिन्यांत मोजलेल्या दाबाचा आहे. वृद्धाच्या खुब्याला तो कितपत लागू पडतो हा प्रश्नच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्गस्ट्रॉम व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांतील ९४२ रहिवासी होते. दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली तरी व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही अनेक ठिकाणच्या तक्त्यांवर दोन तासच राहिले आहेत.

१९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्यानंतर या वादाला कायदेशीर रूप आले. नियमाचा आशय असा, की रहिवाशाला दाबव्रण होता कामा नये. झालाच, तर त्याच्या प्रकृतीमुळे तो टाळता येणे शक्य नव्हते हे दिसले पाहिजे. तपासनीसांच्या संकेतांत हे कलम २०१७ पासून एफ-६८६ या क्रमांकाने येते, पूर्वी ते एफ-३१४ होते. टाळता येणे शक्य नव्हते हे सिद्ध करायचे ते कागदावर : धोका ओळखला होता का, त्यानुसार उपाय केले होते का, उपाय लागू पडत नाहीत असे दिसल्यावर बदलले होते का. म्हणून नवा रुग्ण आला की पहिल्याच दिवशी टाचांपासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत कातडी पाहून ठेवतात. रुग्णालयातून आलेला व्रण त्या दिवशी नोंदला गेला नाही, तर तो शुश्रूषागृहाच्या खाती पडतो.

दाबव्रणांच्या प्रतवारीचा पाया शी या डॉक्टरांनी १९७५ मध्ये घातला. दाबव्रणविषयक राष्ट्रीय सल्लागार मंडळाने १९८९ मध्ये तिला चार पायऱ्यांचे रूप दिले. पहिलीत कातडी अखंड असते, पण दाबल्यावरही लाली जात नाही. दुसरीत कातडीचा वरचा थर जातो, तिसरीत चरबी दिसते, चौथीत स्नायू, कंडरा किंवा हाड. मृत ऊतींनी तळ झाकला असेल तर प्रत ठरवता येत नाही, तशीच नोंद करतात. कातडीखालच्या खोल इजेचा जांभळट डाग २००७ पासून वेगळा मोजला जातो. २०१६ मध्ये मंडळाने व्रणाऐवजी इजा हा शब्द स्वीकारला आणि रोमन आकडे सोडले. पहिल्या पायरीची व्याख्या गोऱ्या कातडीवर बेतलेली आहे. सावळ्या वा काळ्या कातडीवर लाली अनेकदा दिसत नाही, तेथे ऊब, टणकपणा आणि दुखरेपणा हाताने पाहावा लागतो. उलट्या प्रतवारीचा वाद आता मिटला आहे. चौथ्या पायरीचा व्रण भरत आला की तो तिसऱ्या पायरीचा होत नाही, कारण गेलेला स्नायू परत येत नाही, तेथे वणाची ऊती भरते. तरीही एमडीएस या केंद्रीय नोंदपत्रकाच्या जुन्या आवृत्तीत अशी उलटी नोंद करावी लागे. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीने ती बंद केली.

धोका मोजण्यासाठी ब्रेडन व बर्गस्ट्रॉम यांची १९८७ मधील मापनश्रेणी वापरतात. तिच्यात सहा घटक असून एकूण गुण ६ ते २३ असतात. १८ किंवा कमी गुण म्हणजे धोका. व्रणाची लांबी, रुंदी, खोली आठवड्यातून किमान एकदा मोजतात आणि कडेखालची पोकळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतात, डोके बाराच्या जागी धरून. ड्रेसिंगमागील तत्त्व जॉर्ज विंटर यांच्या डुकरांवरील १९६२ च्या प्रयोगाचे आहे : ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. त्याआधी, आणि काही ठिकाणी नंतरही, जखम दिव्याच्या उष्णतेने सुकवण्याची पद्धत होती. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली मात्र काढत नाहीत. कूस बदलणे, ओले कपडे बदलणे ही कामे नर्सिंग असिस्टंटच्या हाती असतात, आणि कातडीतला पहिला बदल बहुधा त्यांनाच आंघोळ घालताना दिसतो.

या पदावर नोंदणीकृत परिचारिका असते किंवा कमी मुदतीचे शिक्षण झालेली परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स. दुसरीने व्रणाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे का, याचे नियम राज्यागणिक बदलतात. काही ठिकाणी ती माप घेते आणि प्रत नोंदणीकृत परिचारिका ठरवते. प्रमाणपत्रे अनेक आहेत. डब्ल्यूओसी (जखम, कृत्रिम मार्ग व मलमूत्रनियंत्रण) मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी पदवी लागते, डब्ल्यूसीसी (वूंड केअर सर्टिफाइड) हे प्रॅक्टिकल नर्सलाही मिळू शकते. दोन्हींचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते.