गोळ्यांचा साचा : सगळा खेळ फटीचा

बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा म्हणजे मुठींना बसवलेले धातूचे दोन ठोकळे. ते मिटले की मध्ये गोळीच्या आकाराची पोकळी उरते. शिसे वितळते ३२७ अंश सेल्सिअसला, अॅल्युमिनियम ६६० ला आणि लोखंड १५३८ ला. म्हणजे ओतताना साचा वितळायची भीती नाही. तो वाया जातो तो बहुधा हयगयीमुळे, नाहीतर नको तितक्या सफाईमुळे.

ठोकळ्यांच्या आतल्या अंगावर केसाएवढ्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. शिसे आत शिरते तेव्हा पोकळीतली हवा या रेघांतून निसटते. मग शिसेही त्यांतूनच का निसटत नाही? वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आकसून धरण्याचा जोर, पाण्याच्या साधारण सहापट असतो. (विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत बंदुकीचे छरे याच गुणामुळे साच्याशिवाय गोल होत, शिसे उंचावरून थेंबाथेंबाने पाण्यात सोडायचे, बस्स.) ०.०५ मिलिमीटरच्या फटीत घुसायला शिशाच्या डोक्यावर शिशाचाच सुमारे १७ सेंटिमीटरचा स्तंभ लागतो. ओतताना तो सहसा यापेक्षा बराच कमी असतो. पण दोन ठोकळ्यांमध्ये शिशाचा एखादा कण अडकला आणि फट ०.३ मिलिमीटर झाली, की तीन सेंटिमीटरही पुरतात. मग गोळीला कडेने पातळ पाकळी फुटते.

म्हणून ओतताना मधूनमधून ठोकळ्यांची आतली तोंडे उजेडात धरून पाहावीत. चिकटलेले शिसे साचा गरम असतानाच लाकडाच्या काडीने घासून काढावे. पोलादी टोचा किंवा कानस नको. पोकळीची धार एकदा गोलावली की तिथे कायमची फट झाली, आणि ती काही भरून येत नाही.

नवा साचा बहुधा तेल लावूनच येतो. ते तसेच राहिले तर त्याची वाफ शिसे आणि भिंत यांच्यामध्ये अडकते आणि गोळीवर सुरकुत्या पडतात. साबण, गरम पाणी आणि जुना दातांचा ब्रश, एवढे पुरते. साचा थंड असला तरीही सुरकुत्या येतात. पण चारदोन गोळ्या ओतून साचा तापला की त्या जातात, तेलाच्या मात्र येतच राहतात.

पुढची काळजी धातूवर ठरते. लोखंडाला गंज चढतो, तेव्हा ठेवताना तेलाचा हात फिरवावा आणि वापरण्याआधी तो पुसून काढावा. शिशात कथील मिसळलेले असेल तर ते पितळेतल्या तांब्याशी जुळते, त्यामुळे तिथे डाख बसल्यासारखे शिसे चिकटू शकते. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्यामुळे तो ना गंजतो ना शिशाला सहज धरतो. पण मऊ असल्याने ठोकळे जुळवणाऱ्या पोलादी खुंट्या त्याची भोके खातात. या खुंट्यांना उष्णता सोसणारे वंगण काडीच्या टोकाने, अगदी नावापुरते लावावे. जास्त झाले तर ते तापून पसरत पोकळीत उतरते, आणि पुन्हा सुरकुत्या.

तापलेला साचा पाण्यात बुडवू नये, ठोकळे वाकतात. ओला साचा तर भट्टीजवळही नको: पाण्याची वाफ सुमारे १,७०० पट जागा घेते आणि वितळलेले शिसे अंगावर उडवते. पोकळीतली धूळ फुंकर मारून उडवू नका, कारण तिच्यात शिसे असते. हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत, हेही त्यासाठीच.