फुकट गेम, विकतची किल्ली: लूट बॉक्सचं भांडण आलं कुठून

गेम फुकट आणि आतली टोपी विकत, हे आता कुणाला समजावून सांगायला नको. भांडण आहे ते लूट बॉक्सवरून, म्हणजे पैसे भरून उघडायची पण आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी: हा खेळ की जुगार? मागे जायचंच तर १९९३ च्या डूम या गेमपर्यंत जाता येतं, पहिला भाग फुकट आणि आवडला तर पुढचे पैसे भरून मागवा, पण तो चव दाखवण्याचा प्रकार होता. खरं वळण २००० नंतर कोरियात आलं, महिन्याची फी सोडून देऊन कॅरॅक्टरचे कपडे विकायचे. मग २००४ मध्ये मेपलस्टोरी या ऑनलाइन गेमच्या जपानी आवृत्तीत १०० येनचं तिकीट आलं, ते गेममधल्या मशीनमध्ये टाकायचं आणि जे पडेल ते आपलं. लूट बॉक्सची वंशावळ साधारण इथूनच धरतात.

लोक मात्र २००६ चं ऑब्लिव्हियन या गेममधलं घोड्याचं चिलखत धरून बसतात. अडीच डॉलरला. उगाच व्हिलन केलंय त्याला, कारण गेम विकतचा होता आणि काय मिळणार ते घेण्याआधीच माहीत होतं. हसण्यासारखं होतं, पण लपवाछपवी नव्हती.

२००९ च्या ऑक्टोबरात आयफोनवर फुकट अ‍ॅपमध्येही आतली खरेदी चालू झाली (त्याआधी फक्त विकतच्या अ‍ॅपमध्ये चालायची) आणि मग फुकट गेमचा पूर आला. पीसीवर २०१० मध्ये टीम फोर्ट्रेस २ या गेममध्ये पेट्या आल्या, पेटी खेळता खेळता फुकट मिळायची, ती उघडायची किल्ली २.४९ डॉलर. बॅगेत बंद पेट्या साठत जातात आणि रोज डोळ्यांसमोर येतात, यातच सगळी मेख आहे. वर्षभराच्या आत तो गेमच फुकट केला. जपानने २०१२ मध्ये कोम्पू गाचा, म्हणजे नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण सेट जमला तरच मोठं बक्षीस, हा प्रकार बेकायदा ठरवला, साधा गाचा, म्हणजे पैसे भरून नशिबाने वस्तू काढणं, मात्र राहू दिला.

२०१७ मध्ये बॅटलफ्रंट २ या स्टार वॉर्सच्या गेमवरून भडका उडाला, त्यातलं डार्थ व्हेडर हे पात्र अनलॉक करायला ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन. आरडाओरडा झाल्यावर ते १५,००० वर आणले, लाँचच्या तोंडावर गेममधली खरेदीच बंद केली. तोही विकतचा गेम, म्हणजे फुकट गेममधली युक्ती तोवर पूर्ण पैसे भरणाऱ्यांच्याही गळ्यात पडली होती.

त्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्स, शेजारी शेजारी, दोघांनी एकाच महिन्यात लूट बॉक्स हा जुगार आहे का ते तपासलं, पण फूटपट्टी वेगळी लावली. बेल्जियम म्हणालं, पैसे भरलेत, निकाल नशिबावर आहे आणि मिळालेली गोष्ट खेळणाऱ्याला मोलाची वाटते, एवढं पुरे. डच (नेदरलँड्सच्या) जुगार नियामकाने मात्र वस्तू पुढे विकता येते का हे पाहिलं. विकता आली तर जुगार, नाही तर नाही. तपासलेल्या १० पैकी ४ गेम त्यात अडकले. पेटी उघडतानाचा झगमगाट, ती धडधड दोन्हीकडे सारखीच, मग विकता येण्याने खेळणाऱ्याला काय फरक पडतो हे मला आजही पटत नाही.

पुढे डचांनी फिफा या फुटबॉल गेमच्या प्लेअर पॅकवरून (आत कोणते खेळाडू निघतील ते नशिबावर) १ कोटी युरोंचा दंड लावला, २०२० मध्ये खालच्या कोर्टाने तो कायम ठेवला आणि मार्च २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने पार रद्द केला. कारण काय, तर पॅक हा स्वतंत्र खेळ नाही, तो बहुतेक वेळा फुटबॉलच्या मोठ्या खेळातच मिळतो आणि उघडला जातो, आणि तो खेळ कौशल्याचा. म्हणजे वस्तूची किंमत, ती कुठे विकली जाते, यावर वर्षानुवर्षं घातलेला वाद बाजूलाच राहिला आणि पेटी कुठल्या खोलीत ठेवलीय यावर निकाल लागला! बेल्जियममध्ये त्याच पॅकची विक्री २०१९ च्या जानेवारीपासूनच बंद होती.

२०१९ मध्येच काउंटर-स्ट्राइक या गेमच्या कंपनीने फ्रान्समधल्या खेळणाऱ्यांना गेममध्ये एक्स-रे स्कॅनर दिला. पेटी आत टाकायची, काय आहे ते आधी दिसतं, पटलं तर पैसे. नशीब गेलं म्हणायचं का? तर नाही, कारण स्कॅनरमध्ये दिसलेली वस्तू विकत घेईपर्यंत दुसरी पेटी स्कॅन होत नाही, त्यामुळे समोरची भंगार बंदूक घ्यायची ती फक्त पुढच्या पेटीत काय आहे ते बघायला.