अराइन : निर्मिती आणि कार्बनी संश्लेषणातील उपयोग

अरोमॅटिक (बेंझीनसारख्या) वलयातल्या शेजारच्या दोन कार्बनांवरचे गट निघून गेले की उरणारा अल्पायुषी, अत्यंत क्रियाशील मध्यवर्ती पदार्थ म्हणजे अराइन. बेंझाइन हे त्याचे सर्वांत साधे रूप. कागदावर तिथे तिहेरी बंध काढतात. पण असा बंध सरळ रेषेत राहू पाहतो आणि सहा कार्बनांच्या वलयात त्याला वाकावे लागते. या ताणामुळे समोर येईल त्याच्याशी, अगदी दुसऱ्या बेंझाइनशीही, ते जोडले जाते. म्हणून अराइन साठवत नाहीत. ज्याच्याशी जोडायचे ते संयुग फ्लास्कमध्ये आधी हजर ठेवतात, मगच अराइन तयार करतात.

रसायनज्ञ गेऑर्ग विटिग यांनी १९४२ मध्ये अशा पदार्थाचा तर्क मांडला होता. खात्री पटवली ती जॉन रॉबर्ट्स यांच्या १९५३ च्या प्रयोगाने. क्लोरीन ज्या कार्बनवर आहे तोच किरणोत्सारी कार्बन-१४ असलेले क्लोरोबेंझीन त्यांनी द्रव अमोनियात पोटॅशियम अमाइडबरोबर ठेवले. मिळालेल्या ॲनिलिनपैकी जवळजवळ निम्म्यात अमिनो गट त्या कार्बनवर होता आणि उरलेल्यात शेजारच्या. मधल्या टप्प्यात दोन्ही कार्बन सारखेच झाल्याशिवाय असे होणार नाही. पॅरा-क्लोरोटोल्युईन कॉस्टिक सोड्याबरोबर ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की मेटा आणि पॅरा क्रेसॉलचे मिश्रण पडते, म्हणजे नवा गट क्लोरीनच्या जागी आणि शेजारीही बसतो; त्यामागेही हेच कारण. तिथे तर किरणोत्सारी खुणेचीही गरज नाही.

बडोद्यात अराइनपर्यंत जायचा जवळचा रस्ता रंगधंद्यातल्या डायझोटायझेशनमधून, म्हणजे अमाइनचा नायट्राइटने डायझो क्षार करण्यातून, जातो. सयाजीराव गायकवाडांच्या कलाभवनात १८९० पासून रंगाईचे शिक्षण मिळू लागले. त्याच्याशी निगडित त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायन कंपनी काढली. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत आजही रंग-रसायनात नोकरी केलेले कोणीतरी निघतेच, आणि बर्फात ठेवून डायझो करणे त्यांना सांगावे लागत नाही. अँथ्रानिलिक आम्लाचा डायझो डायमिथिलॲनिलिनशी जोडला की मिथाइल रेड हा दर्शक मिळतो. तोच डायझो पाण्याविना, सेंद्रिय द्रावकात तापवला तर नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात व बेंझाइन उरते. हा क्षार कोरडा झाला तर मात्र घासण्यानेही फुटतो. त्यामुळे तो गाळून वेगळा करण्यापेक्षा अँथ्रानिलिक आम्लाचे द्रावण गरम आयसोअमाइल नायट्राइटमध्ये थेंबाथेंबाने सोडणे शहाणपणाचे. सोबत अँथ्रासीन असेल तर ट्रिप्टिसीन हाती येते.

आजच्या संशोधनात बहुतेक वेळा रसायनज्ञ कोबायाशी यांची १९८३ ची पद्धत वापरतात. वलयाच्या एका कार्बनवर सिलिकॉन असलेला ट्रायमिथाइलसिलिल गट, शेजारी सहज सुटणारा ट्रायफ्लेट गट; फ्लुओराइड सिलिकॉनला धरते आणि ट्रायफ्लेट सुटून जातो. इथे खरी खुबी वेगात आहे. सीझियम फ्लुओराइड ॲसिटोनायट्राइलमध्ये जेमतेम विरघळते, त्यामुळे अराइन हळूहळू सुटते आणि आपसांत जुळून बायफेनिलीन होण्याची भीती कमी राहते. तीव्र आम्लारीही लागत नाही, म्हणून रेणूतले नाजूक गट टिकतात.

फ्युरानशी डील्स–आल्डर (दोन रेणू जुळून नवे वलय बनवणारी अभिक्रिया), ॲझाइडशी बेंझोट्रायझोल, अमाइनशी धातूविना एन-अरिलीकरण (नायट्रोजनवर अरोमॅटिक वलय बसवणे) ही नेहमीची कामे. बीटा-कीटोएस्टरमध्ये तर अराइन कार्बन-कार्बन बंधातच घुसते, आणि वलयावर एका झटक्यात दोन गट बसतात. वलय असममित असेल तर जागेचा प्रश्न येतो: ३-मिथॉक्सीबेंझाइनवर केंद्रकस्नेही (इलेक्ट्रॉन देणारा) अभिकर्मक मिथॉक्सीपासून दूरच्या कार्बनवर जातो, पण ४-मिथाइलबेंझाइनमधून मिश्रणच हाती पडते.

कारखान्याच्या हिशेबात कोबायाशी पद्धत महाग पडते. साध्या पूर्वगामी संयुगाचा रेणुभार २९८, त्यातले बेंझाइन फक्त ७६. बाकी सारे टाकाऊ. थॉमस होय यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलेल्या हेक्साडीहायड्रो-डील्स–आल्डर मार्गात तीन अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंध) असलेला रेणू नुसता तापवला तरी अराइन बनते, काही टाकावे लागत नाही. मात्र तो रेणू आधी बांधावा लागतो, म्हणजे खर्च तिकडे सरकतो.