मिलिटरी नर्सिंग की नर्सिंग असिस्टंट?

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्या सातारा भागात हमखास ऐकू येतं, ‘आर्मीत नर्सिंगला जायचंय.’ मुलगीही हेच म्हणते आणि मुलगाही. दोघांच्या मनातली नोकरी मात्र वेगवेगळी असते, आणि हे पुष्कळदा फॉर्म भरताना कळतं. कधी कधी तर निवृत्तीनंतर.

मुलगी म्हणते ती मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, एमएनएस. 1888 साली दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या, लष्करी रुग्णालयांतल्या शुश्रूषेची घडी बसवायला. या सेवेचं मूळ तिथे आहे. ही महिलांची सेवा. पुण्याचं एएफएमसी म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, कुलाब्याचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी, शिवाय दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळुरू इथे चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करता येतं. आधी ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा, मग लष्कराची निवडप्रक्रिया, मुलाखत आणि मेडिकल. शिक्षणाचा खर्च सरकार उचलतं, त्या बदल्यात सेवेचा बाँड द्यावा लागतो. शिकून बाहेर पडली की खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार लागतात. ती अधिकारीही असते आणि पूर्ण शिकलेली, नोंदणीला पात्र परिचारिकाही.

मुलगा म्हणतो तो नर्सिंग असिस्टंट. हा आर्मी मेडिकल कोअरचा, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय शाखेचा जवान. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हवंच. पुढे लेखी परीक्षा, भरतीचं ग्राउंड, 1.6 किलोमीटरची धाव. ट्रेनिंग लखनौला. तिथून कुणी लष्करी रुग्णालयाच्या वॉर्डात जातो, तर कुणी थेट पलटणीबरोबर.

पलटणीबरोबर जाणाऱ्याचं काम मला फार मोठं वाटतं. डॉक्टर एक, चौक्या अनेक. बर्फातल्या लांबच्या चौकीवर रात्री कुणाचं डोकं ठणकायला लागलं, बसल्या जागी धाप लागली, तर हा साधा थकवा की उंचीचा त्रास, हे आधी त्यालाच ओळखावं लागतं. रेडिओवर डॉक्टरांना सांगायचं, ऑक्सिजन लावायचा, खाली उतरवायची तयारी करायची. हातापायातून रक्ताची धार लागली असेल तर जखमेच्या वर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळायचं आणि आवळल्याची वेळ तिथेच लिहून ठेवायची. पुढच्या डॉक्टरला ती वेळ कळली नाही तर तो अवयव धोक्यात येतो. विशीतली पोरं हे करतात.

खरी गफलत यापुढे होते. आमच्या शेजारचे काका नर्सिंग असिस्टंट म्हणून हवालदार होऊन निवृत्त झाले. गावात त्यांना ‘डॉक्टर’च म्हणतात. मन रुग्णसेवेतच रमलेलं, म्हणून एका रुग्णालयात स्टाफ नर्सच्या जागेसाठी गेले. तिथे पहिला प्रश्न आला, नर्सिंग कौन्सिलचं, म्हणजे परिचारिकांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, रजिस्ट्रेशन आहे का? नव्हतं. सैन्यातलं प्रशिक्षण आणि इतक्या वर्षांचा अनुभव खरा, पण राज्याच्या कौन्सिलमध्ये परिचारक म्हणून नोंद व्हायला मान्यताप्राप्त जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग लागतं. हे त्यांना भरतीच्या वेळी कुणीही सांगितलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. एमएनएसमधून बाहेर पडलेल्या ताईंपुढे हा प्रश्न येत नाही.

म्हणून नर्सिंग असिस्टंट होऊ पाहणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जरूर जा, पण पुढे नर्सिंगच करायचं मनात असेल तर ते शिक्षण वेगळं घ्यावं लागेल, हे आजच ठरवून ठेवा. जीएनएम तीन वर्षांचं असतं आणि मुलांनाही करता येतं. वयाची आणि मार्कांची अट आधीच बघून घ्या. आणि ज्याला मुळात परिचारकच व्हायचंय, गणवेशाची ओढ फारशी नाही, त्याने सरळ नर्सिंग कॉलेज गाठावं.

काकांची मुलगी आता बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, साध्या कॉलेजात. ही ओढ तिला बाबांकडे बघूनच लागली. परवा माझा घोटा मुरगळला तेव्हा दोघंही आले. काकांनी क्रेप बँडेज आठाच्या आकड्यात गुंडाळलं. ते क्लिप लावतात तोवर तिने माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं आणि रंग परत येतोय का पाहिलं, बँडेज घट्ट होऊन रक्त अडलं नाही ना म्हणून. काका म्हणाले, ‘आम्हालाही हेच शिकवलं होतं.’