‘इन्व्हेड’ म्हणजे दरवेळी आक्रमण नव्हे
(भाषांतरासाठी कागद देणाऱ्या ग्राहकांसाठी)

‘इंग्रजीत शब्द एकच, मग तुम्ही तीन ठिकाणी तीन का घातलेत?’ असं बरेच जण विचारतात. ‘इन्व्हेड’च्या बाबतीत तर हमखास.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘आत जाणे’. नुसत्या हल्ल्याने भागत नाही, आत शिरावं लागतं. 7 डिसेंबर 1941 ला जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर बाँब टाकले, तो ‘अटॅक’. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या, ते ‘इन्व्हेड’. इथे आम्ही ‘आक्रमण’ लिहितो. ‘स्वारी’ शिवकाळात शोभते, पोलंडला नाही.

खरी पंचाईत बायोप्सीच्या रिपोर्टात. एका ताईंनी ‘इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा’चं (स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार) मोबाइलवर केलेलं भाषांतर दाखवलं: ‘आक्रमक कर्करोग’. दोन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आक्रमक म्हटलं की आजार झपाट्याने वाढतोय असं वाटतं. पण त्याला इंग्रजीत ‘ॲग्रेसिव्ह’ म्हणतात. इथे सांगायचंय ते इतकंच की पेशी दूधनलिकेची भिंत ओलांडून शेजारच्या ऊतींत शिरल्यात. वाढीचा अंदाज ग्रेडवरून येतो, कुठवर पसरलाय ते स्टेजवरून. म्हणून आम्ही ‘आसपासच्या ऊतींत शिरलेला’ असं लिहून मूळ शब्द देवनागरीत शेजारी ठेवतो. उपचारांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

व्हेंटिलेटरचंही तसंच: श्वासनलिकेत नळी घातली तर ‘इन्व्हेसिव्ह’, मास्कवर भागलं तर ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’.

घाणेरी, जलपर्णी, गाजरगवत या बाहेरून येऊन इथल्या झाडोऱ्याची जागा बळकावणाऱ्या वनस्पतींना मात्र ‘आक्रमक’ हाच शब्द रूढ झालाय. आम्हाला फारसा पटत नाही, पण तोच ठेवतो. ‘इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी’ला ‘खासगीपणाचा भंग’.

उलट्या बाजूने, मराठीतून इंग्रजीत जाताना, दोन चुका नेहमीच्या. शेजाऱ्याने बांध कोरला की अर्जात ‘इन्व्हेड’ येतं. तिथे ‘एन्क्रोच’ हवं. आणि आपण ‘देशावर आक्रमण’ म्हणतो, म्हणून ‘इन्व्हेड ऑन’ लिहिलं जातं. त्या ‘ऑन’ची गरज नाही, देशाचं नाव थेट येतं.

कागद देताना तो विम्याला, कोर्टात की कॉलेजात लावायचा आहे ते सांगा, आणि एका ओळीचा फोटो न पाठवता अख्खं पान पाठवा.